धुतलेल्या फोडींचं लोणचं

सुरुवात झाली ती कुत्र्यापासून. रविवारच्या शेतकरी बाजारात एक पिवळट कुत्रं वांग्यांच्या ढिगाला पाठ टेकून गाढ झोपलं होतं, आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून वांगीवाली बाई पलीकडच्या बाजूची वांगी काढून गिऱ्हाइकांना देत होती. दिवाकरमगारूंनी ('गारू' म्हणजे आमच्या तेलुगूतलं 'राव') हे पाहिलं आणि हातातली पिशवी, जिच्यात त्याच ढिगातली वांगी आत्ताच पडली होती, अंगापासून जरा लांब धरली.

तसा हा बाजार काही नवा नव्हे. राजमंड्रीत आमच्या कॉलनीच्या मागे जे मोकळं मैदान आहे तिथे तो कैक वर्षं भरतोय आणि दिवाकरमगारू कैक वर्षं तिथूनच भाजी आणतायत. मग कुत्रं त्याच रविवारी का दिसलं? तर गारू नुकतेच निवृत्त झाले होते. पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत त्यांची अख्खी नोकरी गेली. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच सांगायचं. निवृत्तीनंतर नळी सरकारजमा झाली, पण बारीक केलेला डोळा घरी आला. तो कुठेतरी लागणारच होता, बाजाराला लागला.

आणि एकदा डोळा लागला की बाजारात बघण्यासारखं काय कमी असतं? चवळईच्या जुड्या गोणपाटावर, गोणपाट मातीवर, आणि मातीवर काय काय हे विचारायचं नाही. अंबाडीवाल्या बाईने अंबाडीवर ज्या डब्यातलं पाणी शिंपडायचं त्याच डब्यात उन्हाच्या वेळी पाय बुडवून बसायचं. गुळाच्या ढेपेवर माश्या इतक्या, की गूळवाला गूळ दाखवायला आधी हाताने वारा घालायचा. ताकवाल्याकडे पेला एकच, आणि तो विसळायची बादलीही एकच, सकाळपासून तीच. दिवाकरमगारू घरी आले, चप्पल काढली आणि बायकोला म्हणाले, "रत्नम, आपण जिवंत कसे आहोत?"

शेषारत्नम पानं घेत होती. "वेळेवर जेवताय म्हणून," ती म्हणाली. "बसा, भात निवतोय."

शेजारचे गवर्राजू सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही विषयावर सल्ला विचारला तरी चालतो, आणि न विचारला तरी चालतो. ते म्हणाले, "तोंडी बोलू नका. तोंडी बोललात तर म्हातारा चळला म्हणतील. लेखी द्या. लेखी दिलंत की कमिटी नेमतील."

"कमिटीने काय होणार?"

"काही नाही. पण तुम्ही तिच्यात असाल."

हे दिवाकरमगारूंना पटलं. बाजाराचे अधिकारी नागभूषणम मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली बसत. त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि फार आनंदाने म्हणाले, "तुम्हीच व्हा ना आरोग्य सचिव. मानद. माझ्याकडे बिल्ला पडूनच आहे." बिल्ला खरोखरच पडून होता. त्याच्यावर आधी 'पार्किंग' असं लिहिलेलं होतं, ते खरवडून काढलं. तरी तिरक्या उन्हात वाचता यायचं. दोन रविवार लोक दिवाकरमगारूंच्या हातात स्कूटरच्या किल्ल्या देत होते, आणि ते किल्ल्या परत देऊन माश्यांविषयी बोलत होते.

खोटं कशाला बोलायचं, चार गोष्टी त्यांनी चांगल्या केल्या. गूळ जाळीखाली गेला. ताकवाल्याने दुसरी बादली आणली. पाय बुडवणाऱ्या बाईला त्यांनी पायांसाठी वेगळा डबा घरून आणून दिला. कुत्रं वांग्यांवरून उठवलं, ते भोपळ्यांत जाऊन झोपलं, आणि भोपळ्याचं साल आपण काढतोच असं म्हणून गारूंनी तेवढ्यापुरता कानाडोळा केला. कॉलनीतल्या बायका कौतुकाने म्हणायला लागल्या की गारूंनी बाजाराला वळण लावलं. इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगण्याजोगी झालीच नसती. पण एप्रिल संपला आणि बाजारात कैऱ्या आल्या.

आता आमच्याकडे मे महिना म्हणजे आवकाय. वर्षभराचं कैरीचं लोणचं एकदाच घालायचं, कोयीसकट फोडी करून, मोहरीचं पीठ, मेथ्या, तिखट, मीठ आणि तिळाचं तेल घालून. ती कोय घरच्या विळीला दाद देत नाही. म्हणून मैदानात लाकडी ठोकळ्याला भलं मोठं पातं बसवून कापणारे बसतात, आणि त्यांच्यापुढे बायका एकेक कैरी कोरड्या फडक्याने पुसत रांगेत उभ्या असतात. पाण्याचा थेंब लोणच्यात गेला तर बरणी नासते, वर्ष नासतं, आणि सासूचं तोंड वर्षभर बंद होत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि लोणचं कालवायला हात लागतो. सगळ्यांचा चालत नाही. एकाच मापाने, एकाच दुकानातलं सामान घेऊन दोघींनी घातलं तर एकीचं मुरतं आणि एकीचं रडतं. शेषारत्नमचा हात चांगला. कॉलनीतल्या बायका परातीत सगळं मांडून ठेवायच्या आणि तिला बोलावणं धाडायच्या. ती जायची, हात घालायची, तळापासून एकदा वर आणायची, बोट चाटायची आणि म्हणायची, "भरा." त्या घरचं वर्ष मार्गी लागायचं. एरवी ती दिवाकरमगारूंची बायको. मे महिन्यात मात्र ते रत्नमअक्कांचे यजमान म्हणून ओळखले जात, आणि तिच्यामागून पिशवी घेऊन चालत.

तर पहिल्या कैऱ्यांच्या रविवारी दिवाकरमगारू बिल्ला लावून कापणाऱ्यांपाशी पोचले. पोलय्या नावाचा जुना कापणारा पातं लुंगीला पुसत होता. लुंगी कधी धुतली असावी याचा अंदाज गारूंनी मनात केला आणि तो सोडून दिला.

"पोलय्या, आजपासून पातं दर गिऱ्हाइकाला धुवायचं. आणि फोडीसुद्धा धुऊन द्यायच्या. कापताना धूळ बसते."

पोलय्याने पातं खाली ठेवलं. "फोडी धुवायच्या? आवकायच्या?"

"पाणी मी देतो. उकळलेलं, गाळलेलं, औषध टाकलेलं."

"गारू, पाण्याने आवकाय नासते."

"पाण्याने नासत नाही. पाण्यातल्या जंतूंनी नासते. माझ्या पाण्यात जंतू नाहीत. काहीसुद्धा नाही."

"काहीसुद्धा नाही तर धुऊन काय निघणार?" पोलय्या म्हणाला, आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

दिवाकरमगारूंना ते हसणं लागलं. जन्मभर ज्या पाण्याला त्यांनी 'चालेल' म्हटलं ते अख्ख्या शहराने प्यायलं, आणि आता त्याच पाण्याने चार फोडी नासतील असं एक लुंगीवाला म्हणतो आणि बायका त्याची बाजू घेतात? त्यांनी नागभूषणमना गाठून नियमच करून घेतला. पुढच्या रविवारी गेटपाशी पाण्याचं पिंप आलं, पिंपाशेजारी स्टूल, स्टुलावर दिवाकरमगारू.

पोलय्याने काही वाद घातला नाही. त्याने ठोकळा खांद्यावर घेतला, गेटबाहेर गेला आणि रस्त्याच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथे बाजाराची हद्द संपते. बाकीचे कापणारेही त्याच्यामागे गेले, आणि त्यांच्यामागे रांग गेली. पिंपापाशी दिवाकरमगारू आणि कुत्रं उरलं. कुत्रं पाणी प्यायलं. रस्त्यापलीकडे बघावं की नाही असा विचार करत गारूंनी शेवटी बघितलं, तर रांगेत तिसरी रत्नम. पायाशी टोपली, हातात फडकं, खाली मान घालून कैरी पुसत होती.

ते रस्ता ओलांडून गेले. "तूसुद्धा?"

"तुम्हाला वर्षभर लोणचं खायचंय की बिल्ला?" ती हळूच म्हणाली. "जा, पिंपापाशी कोणी नाही. बरं दिसत नाही."

संध्याकाळी गवर्राजू आले. बायको कामाक्षम्मा बरोबर होती, कारण असा तमाशा ती चुकवत नाही. गवर्राजूंचा सल्ला तयारच होता. "लोकांना पुरावा लागतो. तुमच्या पाण्याने फोडी धुऊन तुम्ही स्वतः एक बरणी घाला. पुढच्या रविवारी भर बाजारात उघडा. चव बोलेल."

"यांनी?" कामाक्षम्मा म्हणाली. "आवकाय?"

त्या 'यांनी'मुळे दिवाकरमगारू हो म्हणाले. नाहीतर म्हणाले नसते.

स्वयंपाकघर रत्नमने दिलं नाही. सोमवारी तिची स्वतःची बरणी घालायची होती आणि तिला ओले हात आसपास नको होते. गारूंनी व्हरांड्यात चटई टाकली. नागभूषणम साक्षीदार म्हणून आले, खुर्चीवर बसले, ताक प्याले. दिवाकरमगारूंनी फोडी धुतल्या, नुसत्या धुतल्या नाहीत तर खळखळून धुतल्या, आणि चाळणीत निथळत ठेवल्या. मीठ त्यांनी निम्मंच घातलं. रत्नम दारातून म्हणाली, "मीठ कमी आहे." ते म्हणाले, "मीठ पूर्वी लागायचं, पाणी घाण असायचं तेव्हा. शिवाय माझा रक्तदाब बघ." ती आत गेली. बरणीवर लाखेचं सरकारी सील ठोकायचं ठरलं होतं, पण सील ज्याच्या ताब्यात तो मेव्हणीच्या लग्नाला गेला होता. म्हणून साधी सुतळी बांधली आणि नागभूषणमनी गाठीवर कागद चिकटवून सही केली. डिंक पातळ होता.

मग आठवडा सुरू झाला. मेचं ऊन राजमंड्रीला काय असतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल, व्हरांड्यात तर भाकरी भाजावी. बुधवारी गारूंना बरणीच्या आसपास एक चमत्कारिक वास आला. आंबूस, जरासा ओल्या कपड्यांचा. त्यांनी नाक वळवून वळवून तपास केला आणि वास गवर्राजूंच्या गटारातून येतोय असा निष्कर्ष काढला. गुरुवारी तो वाढला तेव्हा ते गवर्राजूंकडे जाऊन बोललेच. "आपण शेजारी आहोत म्हणून सांगतो. गटार बघा जरा." गवर्राजूंचं तोंड उतरलं. त्यांनी माणूस बोलावून गटार उपसून घेतलं. शुक्रवारी सकाळी वास साफ गेला, आणि दिवाकरमगारूंना वाटलं, तक्रार वेळेवर केली की काम होतं.

रविवारी बाजारात शामियाना टाकला होता. शामियाना म्हणजे दोन चादरी, पण सावली पडली होती. कामाक्षम्माने गरम भाताचं पातेलं आणि तूप आणलं. नागभूषणमनी आपली सही तपासली, सुतळी कापली आणि झाकण काढलं. लालभडक तेल वर आलेलं, मोहरीचा वास नाकाच्या टोकाला बसणारा. पुढच्या बायका न कळत एक पाऊल पुढे सरकल्या. पोलय्यासुद्धा रस्ता ओलांडून आला.

पहिला घास गारूंनी घ्यायचा होता. त्यांनी भातात फोड कुस्करली, तूप ओढलं, घास तोंडात घातला, आणि त्यांचा हात तसाच तोंडापाशी राहिला. लग्न झाल्यापासून ज्या हातचं लोणचं खाल्लं तो हात माणूस विसरेल होय? ती मेथीची नेमकी करकर, ते पुरतं मीठ. हे त्यांचं लोणचं नव्हतं. हे रत्नमचं होतं. त्यांनी गर्दीत तिला शोधलं. ती शेवग्याच्या शेंगा निवडत होती, आणि एवढं लक्ष देऊन शेंगा कोणी निवडत नाही.

बोलायला हवं होतं, तोंडही उघडलं होतं. पण तोंडात भात होता, आणि तेवढ्यात नागभूषणमनी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. टाळ्या झाल्या. टाळ्यांत बोलणं बरं दिसत नाही, आणि टाळ्या संपल्यावर बोलायचं म्हणजे हार काढायचा कोणी? दिवाकरमगारूंनी घास गिळला आणि हात जोडले.

मग सगळ्यांनी खाल्लं. पातेलं पुसलं गेलं, बरणी तळापर्यंत खरवडली गेली. कामाक्षम्माने बोट चाटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अक्का, राग मानू नका हं. तुमचं लोणचं छानच असतं, पण त्यात नेहमी काहीतरी कमी वाटायचं. काय ते आज कळलं. गारूंच्या हाताला जास्त गुण आहे."

"शास्त्र आहे ते," गवर्राजू म्हणाले. "बायकांचं लोणचं अंदाजाने असतं."

रत्नमने शेंगा तागडीत टाकल्या. तिचा चेहरा तसाच होता, पण कान लाल झाले होते. गारूंनी ते बघितलं आणि हाराखाली त्यांना घाम फुटला.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तू बदललंस?"

"गुरुवारी रात्रभर बुडबुडे येत होते. सकाळी तुम्ही फिरायला गेलात तेव्हा उघडलं, तर वर कापूस आलेला." ती पाठमोरी होती. "चार लोकांत हसू झालं असतं तुमचं. मला बघवलं नसतं ते. म्हणून माझं त्यात भरलं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भरू दिलं असतं?" मग ती वळली, आणि तिचे डोळे भरले होते. "तुमची लाज राखायला गेले. माझी जाईल असं कुठे वाटलं होतं? आणि तुम्हाला पहिल्या घासाला कळलं होतं. मी बघितलं. कळूनही हार घालून घेतलात."

दिवाकरमगारूंनी तरी बोलायचा प्रयत्न केला, तो वाया गेला. त्या संध्याकाळपासून रत्नम त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलायला लागली. "पाणी तापलंय." "पोस्टमन आलाय." एवढंच.

आणि बोलावणी यायला लागली. दरवर्षीप्रमाणे फाटक वाजायचं, रत्नम हात पुसत बाहेर यायची आणि बाई म्हणायची, "गारू आहेत का?" कामाक्षम्मा तर समोरच म्हणाली, "आम्ही अजून घातलं नाही. पुढच्या रविवारी कैऱ्या धुऊन आणते. सोमवारी तुम्हीच या कालवायला. तुमचाच हात हवा." रत्नमने तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि आत जाऊन उगीचच धुतलेली भांडी पुन्हा घासत बसली. भांड्यांचा तो आवाज गारूंना कामाक्षम्माच्या बोलण्यापेक्षा मोठा ऐकू येत होता.

बाकीही वाढत चाललं होतं. नागभूषणमनी आदेश काढला: येत्या रविवारी एकही फोड धुतल्याशिवाय बाजारातून बाहेर जाणार नाही, आणि रस्त्यापलीकडे कोणी बसू नये म्हणून एक हवालदार मागून घेतला. तो रविवार कैऱ्यांचा शेवटचा. त्यानंतर कैरी पिकायला लागते, आवकायला चालत नाही. म्हणजे उरलेल्या सगळ्या कॉलनीचं वर्ष त्या एका सकाळी पाण्यात जाणार होतं, आणि तेही शुद्ध.

दिवाकरमगारूंनी ठरवलं की कबुली न देता, कामकाजाच्या वाटेने हे थांबवायचं. ते पत्र्याच्या खोलीत गेले. "नागभूषणम, मी विचार केला. एवढ्या फोडींना पिंप पुरायचं नाही."

"टँकर सांगितलाय."

"पण औषधाच्या गोळ्या?"

"पुराच्या वेळच्या खोकंभर आहेत. कोणी नेतच नव्हतं."

"फोडी धुतलेलं पाणी जाणार कुठे? चिखल होईल."

"खड्डा काल खणला. बघायला चला."

"माझी तब्येत..."

"खुर्ची ठेवलीय, उशीसकट." नागभूषणमचा चेहरा उजळून निघाला होता. इतक्या वर्षांत त्या खोलीतून एकही काम वेळेवर झालं नव्हतं, आणि हे मात्र सगळं वेळेवर होत होतं. दिवाकरमगारूंना आयुष्यात पहिल्यांदा सरकारी दिरंगाईची किंमत कळली.

शनिवारी त्यांनी रत्नमला विचारलं, "माझं ते... ते कुठे टाकलंस?"

तिने बोटाने मागचं अंगण दाखवलं. पालथ्या टोपलीखाली रंगाचा जुना डबा होता. "पुरायला खड्डा कोण खणणार? तुम्ही सत्कारात होतात," ती म्हणाली. आठवड्यातलं तिचं सर्वांत लांब वाक्य. गारूंनी झाकण किलकिलं केलं आणि लगेच लावलं. मग त्यांना गवर्राजूंचं गटार आठवलं आणि ते तिथेच पायरीवर बसून राहिले.

रविवारी टँकर आला, पिंपं भरली, हवालदार आला. लांबच लांब रांग, पण नेहमीचा गलबला नाही. बायका आदेश म्हणून आल्या होत्या, आणि मनातून सगळ्या धास्तावलेल्या. नागभूषणम ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "शुभारंभ रत्नमअक्कांच्या कैऱ्यांनी. त्यांची बरणी या पद्धतीने अधिक चांगली होईल."

रत्नमला पुढे यावं लागलं. तिची अर्धी बरणी बाजाराने खाल्ली होती, ती भरून काढायला ती कैऱ्या घेऊन आली होती. पोलय्याने खाली मान घालून कैऱ्या कापल्या. फोडी परातीत पडल्या, पांढऱ्या, कोरड्या, करकरीत. नागभूषणमनी तांब्या भरून दिवाकरमगारूंच्या हातात दिला. रत्नमने परात पुढे धरली. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही, नुसती परात धरून उभी राहिली.

गारूंनी तांब्या खाली ठेवला आणि ध्वनिक्षेपक घेतला. "थांबा जरा," ते म्हणाले, आणि आवाज सगळ्या मैदानावर गेला. "त्या रविवारी तुम्ही जे खाल्लंत ते माझं लोणचं नव्हतं. रत्नमचं होतं. कोरड्या फोडींचं, पुरत्या मिठाचं, तिच्या हातचं. माझं नासलं. माझं हसू होऊ नये म्हणून तिने आपलं माझ्या बरणीत भरलं. मला पहिल्या घासाला कळलं होतं. मी गप्प बसलो आणि हार घालून घेतला. तिच्या हाताला तुम्ही नावं ठेवलीत तेव्हाही गप्प बसलो. ते मला फार लागलंय. तुम्हाला कमी वाटलं ते लोणच्यात नव्हतं, माझ्यात होतं."

नागभूषणम हलक्या आवाजात म्हणाले, "गारू, आदेश निघालाय. मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागतं."

दिवाकरमगारूंनी खुर्चीखालून रंगाचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. कारण मैदानभर पसरलं. हवालदार सावलीतून उठून उन्हात गेला. पोलय्याने लुंगीचं टोक नाकाला लावलं. गवर्राजूंनी लांबूनच वास ओळखला, आणि गटार उपसायला माणूस आणला होता हे आठवून त्यांनी गारूंकडे जे बघितलं ते इथे सांगत बसत नाही.

"घेतला मागे," नागभूषणम रुमालातून म्हणाले. "झाकण लावा आधी."

कामाक्षम्मा गर्दीतून वाट काढत आली. "अक्का, मी ते बोलून गेले..."

"बोललीस, झालं," रत्नम म्हणाली.

"आमच्याकडे उद्या याल ना?"

"आधी माझं होऊ दे." मग तिने कमरेला खोचलेलं एक स्वच्छ, कोरडं फडकं काढून पोलय्यापुढे टाकलं. "आणि पातं त्या लुंगीला पुसायचं नाही. यांचं तेवढं बरोबर होतं." पोलय्याने निमूटपणे फडकं उचललं. गारूंनी महिनाभर सांगून जे झालं नव्हतं ते असं झालं.

रांग पुन्हा बोलायला लागली. दिवाकरमगारूंनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. रत्नम टोपली घेऊन खाली बसली होती, अजून बऱ्याच कैऱ्या पुसायच्या होत्या. ते तिच्याशेजारी मातीवर बसले. माती कसली आहे हे त्यांनी बघितलं नाही.

"मी पुसू का?" त्यांनी विचारलं.

"हात कोरडे आहेत?"

त्यांनी हात धोतराला पुसले, उन्हात धरले, पुन्हा पुसले आणि पुढे केले. तिने त्यांच्या तळव्यावरून बोट फिरवून बघितलं. मग एक कैरी आणि फडक्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. ते मन लावून पुसत राहिले, देठाची खळगीसुद्धा. झाल्यावर तिने कैरी परत घेतली, स्वतः पुन्हा एकदा पुसली, पोलय्याकडे दिली, आणि टोपलीतली पुढची कैरी त्यांच्या हातात ठेवली.